परसबाग : वाचकांचे प्रश्न
हिम नाही, मग कोवळी रोपे कोणत्या तारखेला लावायची?

प्रश्न : बागकामाच्या पाकिटांवर आणि पुस्तिकांत ‘शेवटचे हिम पडून गेल्यावर टोमॅटो, मिरची, वांगी बाहेर लावा’ असे छापलेले असते. आमच्याकडे हिम कुठले? शेजारी म्हणतात, चतुर्थी झाली की बी टाका. दोन वर्षे तसेच केले. एका वर्षी रोपे छान आली, दुसऱ्या वर्षी वाफ्यातच कुजली. नेमकी तारीख कोणती धरावी?
– वाचक, डिचोली

उत्तर : इथे हिम म्हणजे गोठलेले दव, आणि गोव्यात दव गोठत नाही. पणजीत जानेवारीतही रात्रीचे तापमान साधारण २० अंश सेल्सिअसच्या आसपास राहते. सत्तरी-सांग्याच्या खोऱ्यांत ते आणखी काही अंशांनी उतरते, पण शून्याच्या जवळही जात नाही. त्यामुळे पाकिटावरची ती सूचना आपल्यासाठी नाही. तिच्यामागचा हिशोब मात्र आपणही वापरावा. कोवळे रोप ज्या गोष्टीने मरते ती कधी संपते हे आधी पाहायचे आणि तिथून उलटे दिवस मोजायचे. थंड मुलखात ती गोष्ट हिम असते, आपल्याकडे परतीचा पाऊस.

चतुर्थीचा आधार इथेच कमी पडतो. ती तिथीने येते. एखाद्या वर्षी ऑगस्टच्या चौथ्या आठवड्यात, तर एखाद्या वर्षी सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात. दोन्हींत जवळजवळ चार आठवड्यांचे अंतर पडते. चतुर्थी लवकर आली त्या वर्षी तुमचे बी भर पावसात वाफ्यात पडले असणार. नक्षत्रांचे तसे नाही. ती सूर्यावर चालतात, म्हणून दर वर्षी त्याच तारखांना येतात : हस्त साधारण २७ सप्टेंबरपासून, चित्रा १० ऑक्टोबरपासून, स्वाती २४ ऑक्टोबरपासून. गोव्यातून मोसमी पाऊस परततो तो ऑक्टोबरच्या मध्याला, म्हणजे चित्रात. हस्त आणि चित्रात दुपारनंतर सह्याद्रीकडून ढग येतात आणि तासाभरात वाफा धुऊन नेतात. स्वाती लागल्यावर मोठ्या सरी क्वचितच येतात. टोमॅटो, वांगी, मिरची यांची रोपे उघड्या जमिनीत लावायची तारीख म्हणून २५ ऑक्टोबर ते १० नोव्हेंबर धरा.

आता मागे मोजा. टोमॅटोचे रोप २५ ते ३० दिवसांत लावण्याजोगे होते, वांगी आणि मिरचीचे ३५ ते ४५ दिवसांत. म्हणजे वांगी-मिरचीचे बी १५ ते २५ सप्टेंबरला आणि टोमॅटोचे २५ सप्टेंबर ते १० ऑक्टोबरला पडायला हवे. हे दिवस पावसाचेच आहेत. म्हणून रोपे उघड्यावर करू नका, छपराखाली करा. बांबूच्या कामट्या वाकवून त्यांवर पारदर्शक प्लास्टिक ताणा आणि दोन्ही बाजू हातभर उघड्या ठेवा. बाजू बंद केल्या की आत वाफ धरते आणि रोपे कोलमडतात. जमिनीलगत देठ पाणचट होऊन बारीक पडतो आणि रोप आडवे होते. ही बुरशी ओल्या, कोंदट मातीत फोफावते. तुमची रोपे बहुधा तिनेच नेली.

ट्रे वापरत असाल तर ९८ कप्प्यांच्या एका ट्रेला सव्वा किलोच्या आसपास कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) लागते. वाफा करणार असाल तर एक मीटर रुंद, तीन मीटर लांब आणि निदान २० सेंटिमीटर उंच करा आणि त्यात १५ किलो पूर्ण कुजलेले शेणखत मिसळा. बी बोटभर अंतराच्या ओळींत, अर्धा ते एक सेंटिमीटर खोल टाका. फोकून टाकलेले बी दाट उगवते आणि दाट रोपांतच ही कोलमडवणारी बुरशी आधी शिरते. बियाण्याला किलोला ५ ग्रॅम ट्रायकोडर्मा (रोगट बुरशीला आवरणारी उपयोगी बुरशी) चोळून घ्या. परसबागेला लागणाऱ्या एका पुडीला चिमूटभर पुरते. पाणी सकाळी द्या. संध्याकाळी मातीचा वरचा थर कोरडा दिसला पाहिजे.

लावणीआधी सात-आठ दिवस छप्पर दिवसा काढून ठेवा आणि पाणी थोडे कमी करा. सावलीत वाढलेले रोप एकदम ऑक्टोबरच्या उन्हात नेले की पाने पांढरी पडून करपतात. लावणी संध्याकाळी करा आणि पहिले तीन दिवस नारळाच्या झावळीची सावली द्या. एका गोष्टीकडे आपल्याकडे फार दुर्लक्ष होते, म्हणून इथे लिहितो : आपली जांभ्याची माती आंबट असते. माती तपासून सामू (pH) ५.५ च्या खाली निघाला तर लावणीच्या तीन आठवडे आधी चौरस मीटरला २०० ग्रॅम कृषी चुना मिसळा. चुना आणि शेणखत एकाच दिवशी घालू नका, खतातले नत्र वायू होऊन उडून जाते.

तांबडी भाजी (लाल माठ), मुळा आणि नवलकोल यांची घाई नको. तांबड्या भाजीचे बी इतके बारीक असते की एकाच सरीने ते मातीत गाडले जाते किंवा वाहून जाते. नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यापासून चौरस मीटरला दोन ग्रॅम बी दहापट कोरड्या वाळूत मिसळून पेरा. दर दहा दिवसांनी एक नवा वाफा पेरत गेलात तर फेब्रुवारीपर्यंत भाजी तुटत नाही.

प्रश्न : भाताची कापणी झाल्यावर त्याच शेतात १५ डिसेंबरला कलिंगडाचे बी लावले. पंधरा दिवस वाट पाहिली, शंभरातली वीसेक उगवली. उकरून पाहिले तर बी मऊ पडले होते. त्याच पाकिटातले बी किनाऱ्याकडच्या नातेवाइकांनी त्याच आठवड्यात लावले, त्यांचे पाचव्या दिवशी वर आले. बी खराब होते का?
– वाचक, वाळपई

उत्तर : बी चांगले होते. नातेवाइकांच्या शेतात त्याची परीक्षा झालीच आहे. फरक पडला मातीच्या उबेत.

कलिंगडाचे बी मातीच्या तापमानाला फार हळवे असते. माती २५ अंशांची असेल तर कोंब सुमारे पाच दिवसांत वर येतो, ३० अंशांना चार दिवसांत. माती २० अंशांवर आली की त्यालाच बारा दिवस लागतात. १८ च्या खाली बहुतेक बी नुसते फुगून पडून राहते. बारा दिवस ओल्या मातीत फुगलेले बी बुरशीला, मुंग्यांना आणि उंदरांना आयते मिळते. तुम्हाला मऊ बी सापडले ते असे.

खोऱ्यात माती जास्त निवते याची कारणे दोन. डिसेंबरात आभाळ निरभ्र असते आणि रात्री वारा नसतो. जमिनीची ऊब आभाळाकडे निघून जाते, जमिनीलगतची हवा थंड होते, जड होते आणि उतारावरून पाण्यासारखी खाली येऊन तळच्या शेतात साचते. सकाळी धुके आधी कुठे बसते ते पाहा, तीच तुमची सर्वांत थंड जागा. घाटावर द्राक्षबागांना थंडी मारते आणि महाबळेश्वरला वेण्णा तलावाकाठी दव गोठते, तिथेही हेच घडते. आपल्याकडे त्याचा सौम्य अवतार येतो एवढेच. दुसरे कारण ओल. भाताच्या शेतातली चिकण माती कापणीनंतरही पाणी धरून असते, आणि ओली माती तापायला कोरडीपेक्षा कितीतरी जास्त ऊन लागते. किनाऱ्याकडे समुद्रामुळे रात्र उबदार राहते आणि रेताड माती लवकर निथळते.

पुढच्या हंगामासाठी साधा मातीचा तापमापक घ्या. सकाळी सात वाजता ५ सेंटिमीटर खोल खुपसून पाच मिनिटांनी वाचा. सलग तीन सकाळी २१-२२ अंश दिसले तर थेट पेरा. त्याहून कमी असेल तर बी घरात उगवून घ्या. ते असे : बी बारा तास कोमट पाण्यात भिजवा, ओल्या फडक्यात गुंडाळून चुलीजवळच्या फळीवर ठेवा. दोन-तीन दिवसांत पांढरा कोंब डोकावतो. कोंब अर्धा सेंटिमीटर होण्याआधीच कागदी पेल्यात, माती आणि गांडूळखत समप्रमाणात घालून, दीड सेंटिमीटर खोल लावा. पेल्याच्या तळाला भोक ठेवायला विसरू नका. बारा ते पंधरा दिवसांत दोन खरी पाने येतात, तेव्हाच शेतात न्या. त्याहून उशीर केला तर मुळे पेल्यात गोल फिरतात आणि वेल अडकून बसतो. वेलवर्गाला मुळे दुखावलेली चालत नाहीत, म्हणून पेला फाडून मातीच्या गोळ्यासकट रोप खड्ड्यात बसवा.

खड्डे दोन ओळींत दोन मीटर आणि ओळीत एक मीटर अंतराने घ्या. प्रत्येकात पाच किलो कुजलेले शेणखत घाला आणि माती भरून वर १५ सेंटिमीटरचा उंचवटा करा. उंचवटा निथळतो आणि सकाळच्या उन्हाने लवकर तापतो. वर २५-३० मायक्रॉनचे काळे प्लास्टिक अंथरले तर आणखी फायदा. सुके गवत किंवा पेंढा या टप्प्यावर घालू नका. तो ऊन मातीपर्यंत पोचू देत नाही. वेल पसरू लागले की फळाखाली घालायला पेंढा हवाच, पण तो नंतर. तळच्या कोपऱ्यापेक्षा वरच्या बांधालगतची शेते निवडा.

डिसेंबर चुकला म्हणून हंगाम गेला असे नाही. जानेवारीच्या अखेरीस माती पुन्हा तापू लागते. मात्र कलिंगडाला ८५ ते ९५ दिवस लागतात. फेब्रुवारीच्या शेवटी लावलेला वेल मेअखेरीस पिकतो आणि वळिवाच्या सरी नेमक्या तेव्हाच येऊन फळ पचपचीत करतात, तडकवतात. जानेवारीअखेर ही शेवटची तारीख माना. ओढ्याचे पाणी एप्रिलपर्यंत पुरेल का तेही आधीच पाहून ठेवा.

भेंडीच्या बाबतीत हाच नियम आणखी कडक आहे. २० अंशांच्या मातीत तिला उगवायला सतरा दिवस लागतात, ३० अंशांत सात. तुमच्या खोऱ्यात डिसेंबरात भेंडी पेरण्यात अर्थ नाही.

प्रश्न : मुलगा-सून इंग्लंडमध्ये स्विंडनला असतात. घरामागे थोडी जागा आहे. त्यांनी मिरची, भेंडी आणि अळसांदे (चवळीचा प्रकार) खिडकीत उगवून एप्रिलच्या २० तारखेला ऊन पाहून बाहेर लावले. आठवड्यातच एका सकाळी सगळे काळे पडलेले. अंदाजात तर रात्रीचे तापमान ३ अंश सांगितले होते, शून्य नव्हते. असे कसे झाले, आणि त्यांनी कधी लावावे?
– एक आई, मडगाव

उत्तर : अंदाज खोटा नव्हता. हवामान खाते तापमान मोजते ते जमिनीपासून सव्वा मीटर उंचीवर. निरभ्र आणि निवांत रात्री गवताच्या पातळीवर ते त्याहून तीन ते पाच अंश खाली असते. म्हणजे अंदाजात ३ असताना त्यांच्या वीतभर रोपांभोवती शून्याखाली होते. पानातल्या पेशींच्या मधले पाणी गोठते, ते पेशींतले पाणी ओढून घेते आणि पेशी फाटतात. म्हणून पान आधी उकडलेल्या पालेभाजीसारखे गडद, पाणचट दिसते आणि ऊन आल्यावर काळे पडते. निरभ्र रात्री अंदाजात ४ किंवा त्याहून कमी आकडा दिसला की रोपे झाकायची, हा नियम त्यांना सांगा.

स्विंडनच्या बाजूला मेच्या मध्यापर्यंत हिम पडू शकते. आपल्या भाज्यांसाठी २५ मे ते जूनचा पहिला आठवडा ही बाहेर लावण्याची तारीख धरावी, आणि तीही रात्रीचे तापमान सलग १० च्या वर राहू लागले तरच. हिम पडले नाही तरी ८-१० अंशांत मिरची, भेंडी खुंटून पिवळी पडतात आणि खुंटलेले रोप पुढे महिनाभर सावरत नाही. मोठे रोप लवकर लावण्यापेक्षा लहान रोप उशिरा लावलेले पुढे जाते.

तिथून मागे मोजल्यावर मिरची आणि वांगी फेब्रुवारीअखेर ते मार्चच्या मध्यापर्यंत, टोमॅटो मार्चअखेर, भेंडी एप्रिलच्या मध्याला, काकडी-दुधी एप्रिलअखेर घरात पेरायची. तांबडी भाजी थेट जूनमध्ये वाफ्यात. बी उगवायला ऊब हवी, प्रकाश नंतर. पण उगवल्याच्या दिवसापासून प्रकाश कमी पडला तर रोपे काड्यांसारखी उंच आणि पातळ होतात. कुंडी दक्षिणेकडच्या खिडकीत ठेवावी आणि रोज अर्धी फिरवावी.

सर्वांत जास्त चूक होते ती घरातून बाहेर नेताना. दहा ते चौदा दिवस द्यायला हवेत. पहिले दोन दिवस दुपारी दोन तास, सावलीत, वारा लागणार नाही अशा भिंतीलगत. मग रोज एक-दोन तास वाढवत ऊन दाखवायचे. शेवटचे तीन-चार दिवस रात्रीही बाहेर, झाकून. झाकण्यासाठी पांढरे हलके बागेचे कापड मिळते, ते एक-दोन अंश राखते. ते कमानीवर ताणावे. पानाला टेकले तर त्या जागी पान गोठतेच. झाकायचे सूर्य मावळण्याआधी, कारण दिवसभर मातीत साठलेली ऊब हीच रात्रीची शिदोरी असते. अंधार पडल्यावर झाकले तर निम्मी ऊब आधीच गेलेली असते. माती दुपारी ओली करून ठेवली तर ती कोरडीपेक्षा जास्त ऊब साठवते आणि रात्री सावकाश सोडते. सकाळी आच्छादन काढायला विसरू नये.

काळी पडलेली रोपे लगेच उपटू नका. देठ दाबून पाहा. खालचा भाग हिरवा आणि टणक असेल, तर बीजपत्रांच्या (उगवताना येणाऱ्या पहिल्या दोन पानांच्या) बगलेतून दोन आठवड्यांत नवे फुटवे येऊ शकतात. देठ जमिनीपर्यंत मऊ असेल तर नव्याने पेरा, मेच्या सुरुवातीला काकडी आणि दुधीला वेळ असतो.

अळसांद्यांबद्दल मात्र मनाची तयारी करून ठेवा. आपल्याकडे सर्वांत मोठा दिवस तेरा तासांचा असतो, तिथे २१ जूनला साडेसोळा तासांचा. आपले बरेचसे स्थानिक अळसांदे दिवस लहान झाल्यावर फुलतात. तिथे ते उन्हाळाभर नुसती पाने वाढवतील आणि फुलायची वेळ येईल तेव्हा पुन्हा हिम दारात असेल. तांबड्या भाजीला हाच मोठा दिवस मानवतो, ती बीवर न जाता पाने देत राहते. भेंडी तिथे काचघरातच लावावी. बियाणे इथून बॅगेतून पाठवू नका. ते नेण्यासाठी वनस्पती आरोग्य प्रमाणपत्र लागते. तिथल्याच दुकानातले, लवकर येणाऱ्या वाणांचे बी घेणे सोयीचे.

प्रश्न : जानेवारीच्या शेवटी लावलेला टोमॅटो मार्चमध्ये भरभरून फुलला, पण फुले देठासकट गळतात. खत वाढवले तरी तेच. काही रोपे तर हिरवीगार असतानाच मान टाकून वाळली.
– वाचक, आगशी

उत्तर : ही दोन वेगळी दुखणी आहेत.

फूलगळ उन्हाळ्याची आहे. टोमॅटोचे फळ नीट धरते ते रात्री १५ ते २१ अंश असताना. दिवसा ३४-३५ आणि रात्री २४-२५ झाले की परागकण निकामी होतात आणि फूल गळते. किनाऱ्यावर मार्चमध्ये रात्र तेवढी उबदार असतेच. खत वाढवल्याने, विशेषतः युरियाने, पाला वाढतो आणि गळ आणखी होते. टोमॅटोची फुले डिसेंबर-जानेवारीत यावीत असा हिशोब ठेवा. लावणीनंतर सुमारे महिन्याने फूल येते, म्हणजे लावणी नोव्हेंबरच्या मध्याच्या आत. मार्चमध्ये त्या जागी भेंडी, चवळी किंवा दोडका घ्या, त्यांना ही ऊब आवडते.

हिरवे रोप अचानक मान टाकते तो जिवाणूजन्य मर रोग असावा. खात्री घरीच करता येते. देठ जमिनीजवळ कापून काचेच्या पेल्यातल्या स्वच्छ पाण्यात टोक बुडवून धरा. काही मिनिटांत दुधाळ धागा खाली उतरताना दिसला तर तोच रोग. यावर फवारणी चालत नाही. रोप मुळासकट काढून जाळा, त्या जागेचे पाणी दुसऱ्या वाफ्यात जाऊ देऊ नका आणि निदान दोन-तीन वर्षे तिथे टोमॅटो, वांगी, मिरची यांपैकी काहीही लावू नका. टोमॅटोत अर्का रक्षक, अर्का सम्राट आणि वांग्यात अर्का निधी, अर्का केशव हे वाण या रोगाला दाद देत नाहीत. आगशीच्या वांग्यांचा मळा शेजारी असेल तर ही काळजी दुप्पट घ्या. भौगोलिक मानांकन मिळालेले ते वाण आहे, त्याच्या मातीत हा रोग आपल्या टोमॅटोतून जाता कामा नये.

प्रश्न : डिसेंबरात दव पडू लागले की माटवावरच्या (मांडवावरच्या) काकडीची पाने पिवळी होतात. थंडी बाधते का?
– वाचक, पेडणे

उत्तर : थंडी थेट नाही. दवाने पान सकाळी उशिरापर्यंत ओले राहते आणि त्यात केवडा हा रोग येतो. पान उलटून पाहा. वर शिरांच्या मधोमध कोनाकोनांचे पिवळे ठिपके आणि खाली करडी-जांभळट बुरशी असेल तर केवडा. वरच पांढरी पिठी असेल तर तो भुरी हा दुसरा रोग. केवड्याला ओल लागते, भुरीला लागत नाही, म्हणून उपायही वेगळे. केवड्यासाठी खालची रोगट पाने तोडून जाळा, माटवावर वेल विरळ करा, पाणी सकाळी आणि मुळाशीच द्या, पूर्वेचे ऊन अडवणारी फांदी छाटा. भुरीला पाण्यात विरघळणारे गंधक लिटरला दोन ग्रॅम चालते, पण ते ऊन उतरल्यावर फवारा. तापमान ३२ च्या वर गेले की गंधकाने काकडीची पाने भाजतात.

प्रश्न : पावसात मिरची कुजते असे आपण लिहिता, मग आमच्याकडे खोलाची मिरची पावसाळ्यातच कशी होते?
– वाचक, काणकोण

उत्तर : ती डोंगराच्या उतारावर होते. पाणी पडते आणि लगेच निघून जाते, मुळाशी उभे राहत नाही. मिरचीला पावसापेक्षा साचलेले पाणी मारते. सपाट परसात पावसाळी मिरची करायची असेल तर उतार हाताने तयार करा : ३० सेंटिमीटर उंच गादीवाफे, दोन वाफ्यांमध्ये हातभर रुंद चर, आणि चराचे तोंड परसाबाहेर उघडलेले. जोराच्या पावसात छत्री घेऊन एकदा बाहेर जा आणि चरातले पाणी वाहते की थांबते ते पाहा. थांबत असेल तर तोंड आणखी खोल करा.